‘ट्रोल’ हे क्रियापद आधी काय होतं

आज कुणाला ट्रोल केलं म्हटलं की शिव्या, टिंगल, फोटोखाली घाण कमेंट्स एवढंच डोळ्यापुढे येतं. इंटरनेटवर हे क्रियापद आलं तेव्हा त्याचा अर्थ हा नव्हताच.

जुनं थोडक्यात. मध्ययुगीन इंग्लिशमध्ये हा शब्द हिंडणं, गडगडणं अशा अर्थाने वापरायचे, बहुतेक जुन्या फ्रेंचमधून आलेला, सावज शोधत फिरणं म्हणून. पुढे १७ व्या शतकात मासेमारीत घुसला, म्हणजे आमिष लावलेली दोरी पाण्यातून ओढत न्यायची आणि मासा गळाला लागायची वाट बघायची (जाळं ओढून मासे धरतात ते ट्रॉलिंग वेगळं, त्यात गल्लत नको). व्हिएतनाम युद्धात अमेरिकन वैमानिक शत्रूची विमानं अंगावर ओढून घ्यायला मुद्दाम घिरट्या मारायचे, त्यालाही हाच शब्द.

लोककथेतला तो कुरूप राक्षस ट्रोल मात्र स्कँडिनेव्हियातून आलाय, स्पेलिंग तेच पण मूळ वेगळं. लोक मात्र तिथूनच अर्थ लावतात आणि खरा घोळ इथेच आहे.

कारण १९९० च्या आसपास युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत, जे चालायचं ते सरळ सरळ गळ टाकणं होतं. शब्दकोशात या अर्थाची सुरुवातीची नोंद १९९२ ची आहे, दंतकथांवर चर्चा करणाऱ्या एका गटातली. तिथली जुनी मंडळी हजारदा चघळून झालेला विषय मुद्दाम भोळेपणाने परत काढायची, बाकीच्या जुन्यांना लगेच कळायचं की हा गळ आहे म्हणून ते गप्प बसायचे, आणि कालपरवा आलेला कुणीतरी तावातावाने चूक दुरुस्त करायला धावायचा की झालं, त्याला सांगायचे ‘यू हॅव बीन ट्रोल्ड’. म्हणजे तू फसलास. यात महत्त्वाचं काय तर समोरच्याने उत्तर दिलं नाही तर ट्रोलिंग झालंच नाही, गळ रिकामाच वर आला. त्रास देणारेही तेव्हा होते, सगळं गोडगोड होतं असं अजिबात नाही, पण क्रियापद होतं ते फसवण्याचं.

आता बघा, आज ट्रोल व्हायला काही करावंच लागत नाही. माणूस झोपलेला असला तरी ट्रोल होतो. शब्द तोच, कर्ता आणि कर्म पण तेच, पण माशाने गळ गिळायची अटच निघून गेली.

हा बदल मला वाटतं मुख्यतः बातम्यांनी केला. २०१० नंतर ब्रिटनमध्ये जिवे मारण्याच्या, बलात्काराच्या धमक्या देणाऱ्यांनाही हेडलाइनमध्ये ट्रोल म्हणायला लागले, कारण शब्द छोटा आणि राक्षसाचं चित्र तयारच. २०१५ मध्ये तिथे त्रासदायक संदेश पाठवण्याविरुद्धच्या १९८८ च्या कायद्यातली कमाल शिक्षा ६ महिन्यांवरून २ वर्षं झाली तेव्हाही चर्चा ट्रोल्सना चाप म्हणूनच रंगली, कायद्यात मात्र बोलायचं होतं ते धमकीबद्दल आणि अश्लील मजकुराबद्दल. मला हे खटकतं ते यासाठी की धमकीला ट्रोलिंग म्हटलं की तो गुन्हा न वाटता खोडी वाटायला लागते, आणि ज्याला धमकी आली त्यालाच सल्ला मिळतो की लक्ष देऊ नकोस. तो सल्ला गळासाठी होता. धमकीला उत्तर दिलं नाही म्हणून धमकी नाहीशी होत नाही.

मराठीत हा शब्द आला तोपर्यंत अर्थ बदलून झाला होता, त्यामुळे आपल्याकडे फक्त दुसराच अर्थ आहे. पहिल्यासाठी ‘गळाला लागणं’ आपल्याकडे आधीपासूनच होतं.