डेल्सफर्डचं घर, मावळमार्गे

इंग्लंडमध्ये एखादं जुनं 'कंट्री हाउस' विकायला निघालं की जाहिरातीत काही गोष्टी हमखास असतात. मधाच्या रंगाचा दगड, दारासमोरून उतरत गेलेली हिरवळ, पलीकडे तळं, शतकं पाहिलेली झाडं. खोल्या किती, एकर किती, हेही नीट दिलेलं असतं. ते घर उभं करायला पैसा कुठून आला, हे मात्र बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. ग्लॉस्टरशरमधल्या डेल्सफर्ड हाउसची ती एक ओळ उलगडायला बसलं, तर वाट थेट आपल्या वडगाव मावळात येते.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. कंट्री हाउस म्हणजे आपण समजतो तसं गावाकडचं घर नव्हे. आजूबाजूची शेती, कुळं, चर्च, कधी कधी अख्खं गाव ज्याच्या मालकीचं, त्या कुटुंबाचं ते ठाणं असे. घर गेलं की नावामागचं 'अमुक गावचे' हे बिरुदही जाई. हेस्टिंग्ज कुटुंबाचं तसंच झालं. डेल्सफर्ड पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होतं. इंग्लंडच्या यादवी युद्धात त्यांनी राजाची बाजू घेतली, कर्जात बुडाले आणि शेवटी 1715 मध्ये जहागीर ब्रिस्टलच्या नाइट नावाच्या व्यापाऱ्याला विकून टाकली. घराण्याकडे उरलं ते गावच्या चर्चमधलं पाद्रीपण.

वॉरन हेस्टिंग्ज 1732 मध्ये जन्मला तो या पडत्या काळात. आई बाळंतपणानंतर लगेच गेली, बाप वेस्ट इंडीजकडे निघून गेला आणि पोर आजोबांकडे वाढलं. डेल्सफर्डचे पाद्री ते हेच आजोबा. सात वर्षांचा असताना गावच्या ओढ्याकाठी पडल्या पडल्या आपण हे सगळं परत मिळवायचं असं ठरवलं, ही आठवण तो म्हातारपणी सांगत असे. आठवणीला उतारवयात झळाळी चढते हे खरं, पण त्यानं पुढे जे केलं ते पाहता ही गोष्ट मला खोटी वाटत नाही.

सतरा वर्षांचा असताना, 1750 मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून कलकत्त्याला आला. 1772 मध्ये बंगालचा गव्हर्नर झाला आणि लगेच पुढे पहिला गव्हर्नर जनरल. त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात लांबलेलं आणि महागडं प्रकरण मराठ्यांशी होतं.

मुंबईकर इंग्रजांनी 1775 मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह करून हे युद्ध ओढवून घेतलं. कलकत्त्याला ते पसंत नव्हतं, म्हणून पुढच्या वर्षी पुरंदरचा तह झाला. तोही टिकला नाही. 1778 च्या अखेरीस मुंबईहून चार हजारांच्या आसपास फौज राघोबांना घेऊन बोरघाट चढून पुण्याच्या रोखानं निघाली. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं पडला. हाच आपला 'इष्टुर फाकडा'. शत्रूनंच त्याला फाकडा म्हटलं. वडगावात त्याची समाधी आजही दाखवतात. फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव जाळलेलं, रसद संपवलेली. पुढे पुण्यापर्यंत हेच पाहायला मिळणार हे दिसत होतं. 11 जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवून दिलं आणि माघारी वळले. महादजी शिंदे आणि नाना फडणवीसांच्या फौजांनी त्यांना वडगावला कोंडलं. तिथेच तह झाला.

हेस्टिंग्जनं तो तह मानला नाही. बंगालहून गॉडर्डच्या हाताखाली जी फौज भर हिंदुस्थानातून पश्चिमेकडे निघाली होती, तिला त्यानं पुढे नेलं आणि युद्ध आणखी तीन वर्षं चाललं. मध्येच हैदरअली कर्नाटकात उतरला, फ्रेंचांशी लढाई होतीच. कलकत्त्याची तिजोरी आटली. बनारसचा राजा चेतसिंग याच्याकडे ठरलेल्या खंडणीवर वर्षाला पाच लाखांची मागणी त्यानं 1778 पासूनच लावली होती. आता 1781 मध्ये स्वतः जाऊन त्याला कैद केलं. बनारस पेटलं, हेस्टिंग्जला जीव घेऊन चुनारच्या किल्ल्यात पळावं लागलं. पुढच्या वर्षी अवधच्या बेगमांच्या खजिन्यावर हात पडला. सालबाईच्या तहानं मे 1782 मध्ये मराठा युद्ध थांबलं, पण ही दोन प्रकरणं थांबली नाहीत. ती त्याच्या मागोमाग लंडनला पोचली.

तो 1785 मध्ये परतला. त्या काळी हिंदुस्थानातून गबर होऊन आलेल्या इंग्रजांना तिकडे 'नेबॉब' म्हणत. शब्द आपल्याच 'नवाब'चा. या लोकांचा पहिला खर्च जमीन आणि घर हाच असे. क्लाइव्हनं 1769 मध्ये सरी परगण्यातलं क्लेरमाँट घेतलं, तिथलं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं आणि त्यात राहायला जाण्याआधीच 1774 मध्ये मेला. क्लाइव्हच्या मानानं हेस्टिंग्जची मिळकत खूपच कमी होती. त्याला कुठलं तरी मोठं घर नको होतं, हेच हवं होतं. नाइट कुटुंब विकायला सहज तयार नव्हतं. अखेर 1788 मध्ये सौदा झाला. ज्या वर्षी डेल्सफर्ड त्याच्या हाती आलं, त्याच वर्षी 13 फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावरचा महाभियोग उभा राहिला. पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क यानं मांडलेल्या आरोपांत चेतसिंग होता, बेगमा होत्या आणि मराठ्यांशी केलेलं युद्ध व तह हेही एक स्वतंत्र कलम होतं.

खटला सात वर्षं चालला. घराचं काम त्याच वर्षांत चालू होतं. दिवसा पार्लमेंटचं बोलणं खायचं आणि संध्याकाळी नकाशे पाहायचे, असा त्याचा काळ गेला असावा.

वास्तुविशारद होता सॅम्युअल पीप्स कॉकरेल. त्यानं कॉट्सवोल्ड भागातल्या पिवळसर दगडाचं, बाहेरून अगदी शिस्तीचं इंग्रजी घर बांधलं. फक्त पश्चिमेच्या दर्शनी भागात मधला गोलाकार फुगवटा आहे आणि त्यावर बसकट घुमट. तो घुमट पाहिला की बांधून घेणारा कुठून आला होता ते कळतं. आत टॉमस बँक्स या शिल्पकारानं शेकोटीच्या संगमरवरी चौकटीत हिंदुस्थानी स्त्रिया कोरल्या. दिवाणखान्यात मुर्शिदाबादच्या हस्तिदंती खुर्च्या होत्या. त्या मणी बेगमनं हेस्टिंग्जच्या बायकोला, मॅरियनला, दिल्या होत्या. घाट इंग्रजी, कारागीर बंगालचा आणि देणारी बाई नवाबाच्या घरातली. या एका खुर्चीत त्या काळाचा सगळा व्यवहार बसलेला आहे.

याच कॉकरेलनं पुढे काही मैलांवर आपल्या भावासाठी सेझिनकोट बांधलं. तिथे मात्र हात राखला नाही. कांद्याच्या आकाराचा हिरवा घुमट, कमानी, छज्जे आणि बागेत सूर्याचं देऊळसुद्धा. दोन्ही घरं पाहिली तर डेल्सफर्डचा संयम जास्त जाणवतो. हेस्टिंग्जला आपण नेबॉब दिसू नये, 'डेल्सफर्डचे हेस्टिंग्ज' दिसावं, असं वाटत होतं.

भोवतालची आखणी जॉन डेव्हनपोर्टनं केली. त्या काळातल्या इंग्लिश बागेची खुबी अशी की ती केलेली वाटतच नाही. सरळ रेषा नाही, कापून काढलेली चौकोनी रोपं नाहीत. पण ओढा अडवून तळं करायचं, त्याचं दुसरं टोक झाडांआड दडवायचं म्हणजे ते नदीसारखं वाटतं, टेकाड खरवडायचं, झाडांचे पुंजके मोजून लावायचे, हे सगळं शेकडो मजुरांचं काम असे. या बागांत कुंपणाची जागा बहुधा 'हा-हा' घेतो. एका बाजूनं उतरता आणि घराच्या बाजूला उभी भिंत असलेला हा खंदक. खिडकीतून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, कुरण थेट हिरवळीला मिळाल्यासारखं वाटतं, पण गुरं ओलांडून येत नाहीत. डेल्सफर्डला तळी झाली आणि संत्र्या-लिंबांच्या झाडांसाठी टोकदार कमानींचं काचघर झालं.

हेस्टिंग्जकडे तिबेटकडचा एक याकसुद्धा होता. त्यानंच तिबेटला वकील म्हणून धाडलेल्या सॅम्युअल टर्नरनं दोन पाठवले होते, समुद्रप्रवासातून एकच वाचला. जॉर्ज स्टब्सनं त्याचं चित्र काढलं आहे. झुलणारे लांब केस, जड मान आणि मागे इंग्लंडचं हिरवं कुरण. घर सोडून आलेल्या जनावराकडे पाहताना जे वाटतं ते वाटतं.

23 एप्रिल 1795 ला तो निर्दोष सुटला. वकिलांचं बिल 70 हजार पौंडांच्या वर गेलं होतं. घरानं उरलेलं खाल्लं होतं. शेवटी कंपनीनं वर्षाला 4 हजार पौंडांची नेमणूक करून दिली आणि 50 हजार बिनव्याजी कर्जाऊ दिले, तेव्हा डेल्सफर्ड त्याच्या हातात राहिलं. 1813 मध्ये त्याला पार्लमेंटमध्ये साक्षीला बोलावलं, तो निघाला तसे सभासद टोप्या काढून उभे राहिले. ज्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात बसवलं त्याच सभागृहाचा हा मान. बनारसला आणि बेगमांच्या फैजाबादला मात्र कुणी उठून उभं राहिलं नाही, हे मला विसरता येत नाही.

तो 22 ऑगस्ट 1818 ला डेल्सफर्डलाच गेला. त्याच वर्षी 3 जूनला दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला होता. (तेव्हाचा गव्हर्नर जनरलही हेस्टिंग्ज, पण तो वेगळा, या घराण्याचा नव्हे. आपल्याकडे हा घोटाळा नेहमी होतो.) बाजीरावाला सालाना आठ लाखांची नेमणूक आणि बिठूर. त्या उन्हाळ्यात पेशवा आणि त्याच्या वडिलांच्या, राघोबांच्या, पिढीतला हा शत्रू, दोघंही एकाच कंपनीचे पेन्शनर होते. चर्चच्या मागे हेस्टिंग्जच्या थडग्यावर एक दगडी कलश आहे. त्यावर नाव आणि साल, एवढंच.

मॅरियन 1837 मध्ये गेली. तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा चार्ल्स इमहॉफ 1853 मध्ये गेला आणि घर पुन्हा बाजारात आलं. सामानाचा लिलाव झाला, हस्तिदंती खुर्च्या पांगल्या. सत्तर वर्षं जपलेला हट्ट मालक गेल्यावर पस्तीस वर्षांत संपला. पुढचे खरेदीदार आधी ग्रिसवूड, मग शेरी मद्याच्या धंद्यातले बायस.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी घरं विकणं ही एकट्यादुकट्याची गोष्ट राहिली नाही. 1870 नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आला आणि कुळांचा खंड कोसळला. 1882 च्या कायद्यानं पिढीजात बांधून ठेवलेल्या जमिनी विकायला वाट मिळाली. 1894 पासून वारसा कर आला, दोन महायुद्धांत तो चढत गेला आणि नोकरमाणसं मिळेनाशी झाली. विसाव्या शतकात हजाराहून अधिक घरं पाडली गेली. डेल्सफर्ड टिकलं, कारण ते फार अवाढव्य नव्हतं आणि वेळोवेळी शेतीबाहेरचा पैसा असलेला धनी त्याला मिळाला. 1946 मध्ये वर्तमानपत्रांचे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांनी ते घेऊन दुरुस्त केलं, त्यांच्यानंतर चित्रसंग्राहक बॅरन थायसेन आले.

या सगळ्यात मला मेणवली आठवते. नाना फडणवीसांचा तिथला वाडा त्याच काळातला. कृष्णेकाठी, सहा चौकांचा, घाटावर चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयातून आलेली घंटा. वडगावला ज्यांच्यामुळे इंग्रजांची मान खाली गेली त्यांचं हे गावचं घर. ते बाजारात फिरलं नाही, वंशजांकडे राहिलं.

डेल्सफर्ड आता बॅमफर्ड कुटुंबाचं आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी 1945 मध्ये काढलेली जेसीबी ती यांचीच. रस्ता खणायला आलेलं कुठल्याही कंपनीचं पिवळं यंत्र आपण ज्या नावानं ओळखतो, ते नाव या घराच्या धन्याचं. त्या कंपनीचा एक कारखाना पुणे जिल्ह्यात आहे. तळेगाव दाभाड्याजवळ, मावळात, जिथे 1779 च्या जानेवारीत इंग्रजांनी आपल्या तोफा तळ्यात ढकलल्या होत्या.