१२२ अंशांचं कोडं

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हातात एक पुडी पडते. आत पांढरी पूड, आणि काम एवढंच की दोन घटक वेगळे करून ओळखायचे. यातली माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे बेंझोइक आम्ल आणि बीटा-नॅप्थॉल. शुद्ध असताना दोन्ही पांढरी, थंड पाण्यात दोन्ही जेमतेम विरघळणारी, आणि कहर म्हणजे दोन्ही वितळतात १२२ अंश सेल्सिअसच्या आसपास! नुसत्या थर्मामीटरवर विसंबणारा इथे हमखास फसतो.

फरक आहे तो आम्लपणात. बेंझोइक आम्ल कार्बॉनिक आम्लापेक्षा (म्हणजे कार्बन डायॉक्साइड पाण्यात विरघळून होणाऱ्या आम्लापेक्षा) तीव्र, नॅप्थॉल त्याहून सौम्य. म्हणून मिश्रणात खाण्याच्या सोड्याचं द्रावण थोडं थोडं घालत काचकांडीने ढवळायचं. लगेच फसफस सुरू होते. बेंझोइक आम्ल सोड्यातून कार्बन डायॉक्साइड बाहेर काढतं आणि स्वतः सोडियम बेंझोएट होऊन पाण्यात उतरतं. (सॉसच्या बाटलीवर परिरक्षक म्हणून '२११' लिहिलेलं असतं, ते हेच.) नॅप्थॉलला हे जमत नाही, तो तळाशी बसून राहतो. फसफस पूर्ण थांबेपर्यंत सोडा घालायचा. इथे घाई केली की थोडं आम्ल गाळात राहतं आणि पुढचं सगळं बिघडतं.

गाळल्यावर कागदावर नॅप्थॉल उरतो, खाली नितळ द्रावण. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडताना नजर हलवू नये. आधी उरलेल्या सोड्याचे बुडबुडे येतात आणि मग बघता बघता सगळं द्रावण दुधासारखं पांढरं होतं. बेंझोइक आम्ल परत आलं! २५ अंशांना लिटरभर पाण्यात ते साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेरच मावतं, पण उकळत्या पाण्यात कितीतरी जास्त. त्यामुळे गरम पाण्यात विरघळवून सावकाश निवू दिलं की चकचकीत स्फटिक पडतात.

आता ओळख पटवायची. वाळलेली पूड केशनळीत भरून तापवली, १२२ ला वितळली. पण नॅप्थॉलही तिथेच वितळतो ना? मग बाटलीतलं खात्रीचं बेंझोइक आम्ल तिच्यात मिसळून पुन्हा द्रवणांक बघायचा. तो तोच राहिला तर पदार्थ एकच. पूड दुसऱ्या कशाची असेल तर मिश्रण बरंच आधी वितळायला लागतं, कारण परके रेणू घुसले की स्फटिकाची घडी ढिली होते. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती रसायनशास्त्रात विरळाच.

नॅप्थॉलची परीक्षा रंगीत आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं ॲनिलीन बर्फात ५ अंशांखाली थंड करून त्यात सोडियम नायट्राइट घालायचं आणि ते नॅप्थॉलच्या अल्कधर्मी द्रावणात ओतायचं. क्षणात नारिंगी-लाल साका पडतो.

हा साका म्हणजे सुदान-१. खाण्यात बंदी असलेला हाच रंग भारतातून गेलेल्या लाल तिखटात सापडला आणि ते तिखट एका सॉसमध्ये वापरलेलं असल्यामुळे फेब्रुवारी २००५ मध्ये ब्रिटनला चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून परत मागवावे लागले. तिखटातला असा रंग पकडायचा तर आधी त्याला मिरचीच्या स्वतःच्या लाल रंगद्रव्यांपासून सोडवावं लागतं. तिथे सोडा कामाला येत नाही, क्रोमॅटोग्राफी लागते, म्हणजे मिश्रणातले घटक त्यांच्या वेगवेगळ्या सरकण्याच्या वेगावरून वेगळे करायची पद्धत.