पंचावन्न पौंडांची मोटार आणि उजनीचा वारा

बोटीच्या मागं लावायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या ट्रोलिंग मोटारीच्या डोक्यावर ‘५५’ असा ठसठशीत आकडा छापलेला असतो. घेणारा तो बघतो आणि मनातल्या मनात वेगाशी जोडतो: ३० ची मोटार हळू, ५५ ची पळणारी. इथंच पहिली गल्लत होते. हा आकडा रेट्याचा आहे. बोट काठावरच्या खुंटाला बांधली आणि मोटार पूर्ण सोडली, तर दोराला किती ओढ बसेल, ते पौंडांत सांगितलेलं असतं. ५५ पौंड म्हणजे २४५ न्यूटन, साधारण २५ किलोचं पोतं उचलायला लागणारा जोर. बोट चालायला लागली की हा रेटा आणखी कमी होतो.

वेग ठरतो पंख्याच्या पिचवर (एका फेरीत पंखा पाणी कापत किती पुढं सरकतो त्यावर) आणि फेऱ्यांवर, आणि त्या बाबतीत १२ व्होल्टच्या मोटारींमध्ये फारसा फरक नसतो. हलक्या बोटीवर ३० पौंडांची मोटार असो की ५५ ची, ताशी ६ ते ८ किलोमीटरच्या पुढं मजल जात नाही. ट्रोलिंग म्हणजे मुळात गळाची दोरी पाण्यातून संथपणे ओढत नेणं. मोटार त्याच कामासाठी घडवलेली. त्यातून १४ फुटी बोट ताशी नऊ किलोमीटरच्या जवळ गेली की स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. तिथून पुढं जायला पेट्रोलचं इंजिनच लागतं. मग जास्त पौंड कशाला? वजन आणि वाऱ्यासाठी.

वजनाचा ठोकताळा सोपा आहे: भरलेल्या बोटीच्या दर ४५ किलोला किमान २ पौंड. उजनी धरणाच्या भिगवण-कुगाव पट्ट्यात दिसते तशी १४ फुटी फायबरची बोट धरा. बोट १८० किलो, चार माणसं २८०, बॅटरी ३०, जाळी आणि मासळी ६०. एकूण ५५० किलो. हिशेबानं २४-२५ पौंड पुरतात, आणि हिप्परग्याच्या तलावावर निवांत सकाळी ते खरंही ठरेल.

उजनीवर नाही. पाण्यावर उभी बाजू आणि वर बसलेली माणसं मिळून वाऱ्याला तीन चौरस मीटर अडसर होतो असं समजा. ताशी २० किलोमीटरचा वारा त्यावर सुमारे ११ पौंडांचा जोर लावतो. वारा ताशी ४० झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो: ४५ पौंड. लाटांचा मार वेगळाच. म्हणजे ५५ ची मोटार पूर्ण सोडूनही बोट जेमतेम जागेवर राहते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर सुटणारा वारा ४० वर थांबत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यामुळं उजनीसाठी ४५ ते ५५ पौंड घ्यावेत आणि तरीही वारा उठायच्या आत काठ गाठावा. लाइफ जॅकेट अंगात असावं, फळीखाली नव्हे.

(काहिलीला, म्हणजे होडीसारख्या वापरल्या जाणाऱ्या मोठ्या गोल कढईला, मोटार लावता येईल का, हा प्रश्नही कुणी ना कुणी विचारतोच. लावता येईल, पण गोल तळाला दिशा धरून ठेवणारं काही नसतं. काहील पुढं जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरत बसेल.)

मोटारीचं डोकं आणि पाण्यातलं नळकांडं जोडणाऱ्या दांड्याची लांबी दुकानात बसून ठरवू नका. बोटीत नेहमीइतकी माणसं बसवा, मागच्या फळीच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंत टेप लावा आणि त्यात २० इंच मिळवा. फळी पाण्यापासून १० इंच उंच असेल तर ३० इंची दांडा, १६ इंच असेल तर ३६ इंची. मोटारीचं नळकांडं पाण्याखाली किमान ९ इंच हवं. पंखा वर राहिला तर तो पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो. आवाज वाढतो, फेस येतो, बोट मात्र जागची हलत नाही.

मागची फळी हाताच्या बोटानं ठोकून बघा. फायबरच्या आत बहुतेकदा प्लायवूड असतं. पाणी मुरलं असेल तर आवाज बद्द येतो. कुजलेल्या फळीवर मोटारीचा पकडीचा शिकंजा आवळला की तो हळूहळू आत रुततो आणि एक दिवस मोटार पाण्यात जाते. आतून-बाहेरून इंचभर जाडीच्या सागवानाच्या पट्ट्या लावा. बोल्ट स्टेनलेस, नट नायलॉनच्या कड्याचे, वॉशर रुंद. भोकांत पॉलियुरेथेन सीलंट भरल्याशिवाय बोल्ट घालू नका. आणि मोटारीला एक जाड दोर बोटीशी बांधून ठेवा. शिकंजा सुटला तर तेवढ्यावरच निभावतं.

बॅटरीची जागा ठरवताना बहुतेक जण मोटारीजवळची निवडतात, कारण वायर कमी लागते. पण मागं मोटार, मागं चालवणारा आणि मागंच ३० किलोची बॅटरी, म्हटल्यावर बोटीचं तोंड वर उचललं जातं आणि वारा नेमका तेच तोंड धरून बोट फिरवतो. बॅटरी मध्यात किंवा थोडी पुढं ठेवा. मग वायर लांबते, आणि लांब वायर जाडच लागते.

हिशेब असा. ५५ ची मोटार पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते. बॅटरी तीन मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. घरच्या गिझरला चालते ती ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर वाटेतच सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो. बारातले दीड! मोटार मंद चालते आणि वायर तापते. १६ चौरस मिलिमीटर वापरली तर नुकसान जेमतेम ०.३५ व्होल्ट. वायर तांब्याचीच, बारीक तारांची लवचीक. टोकांना तांब्याचे लग (बोल्टमध्ये अडकणाऱ्या कड्या) दाबयंत्रानं दाबून बसवा, पक्कडीनं चेपून नव्हे, आणि वर हीट-श्रिंक नळी चढवा.

बॅटरीपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज किंवा ब्रेकर हवाच. इथं घरातला एमसीबी चालत नाही. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळं संपर्क सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी तशीच जळत राहते आणि एमसीबी आतून वितळतो. सोलरच्या दुकानात ६३ अँपिअरचा डीसी ब्रेकर मिळतो. त्यावर अधिक-उणेच्या खुणा असतील तर तशाच जोडा. उलटा जोडला की तोही ठिणगी विझवू शकत नाही.

कारची बॅटरी नको. तिच्या पट्ट्या पातळ असतात, दोन सेकंद जोरात प्रवाह देऊन इंजिन उठवण्यापुरत्या. पुन्हा पुन्हा खोलवर रिकामी केली की एका हंगामात ती मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर टिकाऊ, पण उंच आणि जड, बोट कलली की ॲसिड सांडायची भीती. त्यातल्या त्यात ई-रिक्षाची बॅटरी बरी. मात्र तिच्यावरचे १०० अँपिअर-तास सावकाश, पाच-दहा अँपिअरच्या गतीनं काढले तरचे असतात. ५० च्या गतीनं उपसलं तर जेमतेम साठेक हाती लागतात, आणि तेही पूर्ण उपसले तर बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणजे पूर्ण वेगात अर्धा-पाऊण तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० ची बॅटरी ११-१२ किलोची, आणि त्याच मोटारीला पावणेदोन तास चालवते. महाग आहे, पण रोज पाण्यावर जाणाऱ्यानं तीच घ्यावी. फक्त आतलं संरक्षण सर्किट ५० पेक्षा जास्त अँपिअर सतत देणारं आहे ना, ते विचारा. नाही तर भर पाण्यात ती स्वतःहून बंद होते. आणि सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियमला चार्जिंग सोसत नाही.

वेग अर्धा केला की लागणारी शक्ती जवळपास आठव्या भागावर येते. पण हा फायदा पुरता पदरात पडतो तो वेग सलग कमी-जास्त करता येणाऱ्या मोटारीत, कारण तीत प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोजका दिला जातो. पाच टप्प्यांच्या स्वस्त मोटारीत खालच्या वेगांना वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. ती वेटोळी पाण्यानंच थंड राहतात, म्हणून काठावर ‘चालू होते का बघू’ म्हणून मोटार कोरडी फिरवू नये.

यंत्र बसलं की बोट कायद्यानं यंत्रचालित होते, मग ते विजेवर का असेना. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखालच्या नोंदणीची चौकशी आधीच करा.

पहिल्या फेरीला मल्टिमीटर घेऊन जा. पूर्ण वेगात बॅटरीवर किती व्होल्ट आणि मोटारीच्या टोकांवर किती, ते बघा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कुठला तरी जोड सैल आहे. दहा मिनिटं चालवून मोटार बंद करा आणि एकेका जोडाला हात लावा. चटका देईल तोच गुन्हेगार. बहुतेकदा तो बॅटरीवरचा पंखनट निघतो. त्याच्या जागी साधा षटकोनी नट पान्यानं आवळा.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तसेच बुडालेल्या गावांचे चौथरे आणि वेड्या बाभळीचे खुंट पाण्याखाली वीतभरावर येतात. पंखा आपटला की आतली पिन तुटते, आणि ती तुटायलाच बनवलेली असते. तिच्यामुळं पंखा ज्यावर बसतो तो मोटारीचा गज वाचतो. दोन पिना, एक नट आणि पाना बोटीत ठेवा. पिनेच्या जागी खिळा ठोकला तर पुढच्या वेळी गज वाकेल.

खरा शत्रू मात्र तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा बारीक धागा. फाटक्या जाळ्यांचा तंगूस जलपर्णीत अडकून सगळीकडं तरंगत असतो. तो पंख्यामागं गुंडाळला जातो, बाहेरून दिसत नाही, आणि फिरता फिरता रबरी सील कापतो. मग पाणी आत शिरतं, बेअरिंग गंजतात, आणि महिनाभरानं मोटार ‘अचानक’ बंद पडते. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनंतर बॅटरीची वायर काढा, पंख्याचा नट सोडा, पंखा ओढून घ्या आणि मागं गजाभोवती बघा. केसासारखा पांढुरका वेढा दिसला तर चाकू लावू नका, सीलला लागेल. टोक शोधून उलट्या दिशेनं उलगडत काढा.