अँटेना कॅलिब्रेशन साइट तपासायचं सॉफ्टवेअर

ज्या जागेवर अँटेना कॅलिब्रेट करतात, म्हणजे तिची मोजमापं ताडून पक्की करतात, ती जागाच धड आहे का, हे गणिताने ताडून बघणारं सॉफ्टवेअर. जागा म्हणजे उघड्यावरचं धातूचं सपाट ग्राउंड प्लेन, सिस्पर १६-१-५ (रेडिओ व्यत्यय मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) मध्ये त्याला काल्ट्स म्हणतात, रेंज ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ. साध्या ईएमसी साइटला (उपकरणांचा विद्युतचुंबकीय व्यत्यय तपासायची जागा) आदर्श आकड्यापासून ४ डीबीची, म्हणजे डेसिबलची, सूट असते, इथे मात्र १ डीबीच्या आत बसावं लागतं आणि त्यातूनही मोजमापाची अनिश्चितता वजा होते.

दोन आडवे डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेल्या सरळ नळीचे अँटेना, १० मीटरवर समोरासमोर लावायचे, एकातून सोडलेला सिग्नल दुसऱ्यात किती कमी होऊन पोचतो ते मोजायचं, आधी दोन्ही केबल थेट जोडून रीडिंग घेतलेलं असतंच, त्यातला फरक म्हणजे साइट इन्सर्शन लॉस. आदर्श जमिनीवर हा आकडा किती यायला हवा, ते सॉफ्टवेअर सांगतं. डायपोलच का, तर सरळ नळीचं गणित मुळापासून मांडता येतं. आतलं इंजिन बहुधा नेक, लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला फोरट्रान कोड, नेक-२ हे व्हर्जन १९८१ चं, म्हणजे म्हातारा पण अजून धडधाकट. तो तारेचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकातला करंट सोडवतो, त्यामुळे दोन अँटेनांचं आपसातलं कपलिंगही, म्हणजे एकमेकींवरचा परिणामही, हिशोबात येतं.

उंची नीट निवडली नाही तर मात्र सगळंच फसतं. एक अँटेना २ मीटरवर, दुसरी ४ वर ठेवली तर थेट लहर १०.२० मीटर जाते आणि जमिनीवरून उडालेली ११.६६, फरक १.४६ मीटर. २०५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी नेमकी तेवढीच, शिवाय परावर्तनात फेज उलटते, म्हणून दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. सिग्नल असा खड्ड्यात गेला की उंची दोनचार सेंटिमीटर हलली तरी आकडा उड्या मारतो, म्हणून उंची फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलत जातात.

आकडे जुळले नाहीत की लोक लगेच जमिनीला दोष देतात, पण माझ्या मते आधी सॉफ्टवेअरला काय भरवलं ते बघावं. बालुनचे (केबल आणि डायपोल जोडणारा भाग) एस-पॅरामीटर, म्हणजे त्यातून सिग्नल किती पुढे जातो आणि किती परततो ते आकडे, नळीची लांबी, जाडी, उंची, सगळं मोजूनच टाकायला लागतं, कॅटलॉगमधून उचललेलं चालत नाही. आणि ३० मेगाहर्ट्झचा डायपोल जवळजवळ ५ मीटर लांब, त्याची टोकं स्वतःच्या वजनाने खाली लोंबतात, सॉफ्टवेअर मात्र त्याला सुतासारखा सरळ समजून हिशोब करत बसतं.