एक वीज म्हणजे नेमकी किती?

उपग्रहाला विजेचा कडकडाट ऐकू येत नाही, तो तिचा उजेड पकडतो. तोही सगळा नाही, तर 777.4 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासची, ऑक्सिजनच्या अणूंच्या प्रकाशाची तेवढी रेघ. गाळणी इतकी अरुंद असल्यामुळेच भर दुपारी उन्हाने झळाळणाऱ्या ढगातली वीजही वेगळी काढता येते.

1995 साली कक्षेत गेलेल्या छोट्या अमेरिकी उपग्रहाला एकेक जागा जेमतेम काही मिनिटं दिसायची. तरी त्याच्या पाच वर्षांच्या नोंदींनी जुना समज मोडला. जगभरात सेकंदाला शंभर विजा चमकतात, असं 1925 पासून सांगितलं जात होतं. आकडा निघाला सुमारे 44.

खरी उडी नोव्हेंबर 2016 मधली. गोज-16 हा भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा) उपग्रह कक्षेत गेला आणि अमेरिका खंडांवर सतत डोळा ठेवून बसला, सेकंदाला 500 चौकटी टिपत. पाठोपाठ चीन आणि 2022 मध्ये युरोपचे संवेदक गेले. इथूनच एक विचित्र वाद चिघळला: यातली ‘एक वीज’ कुठली?

जुन्या व्याख्येत एका चमकेला एक सेकंदाची मर्यादा होती. पण 2012 साली फ्रान्सवर जमिनीवरच्या उपकरणांनी 7.74 सेकंद चाललेली वीज मोजली, आणि मग ‘एक सेकंदात’ काढून ‘सलग’ हा शब्द घालावा, अशी शिफारस झाली. ती बरोबरच होती, फक्त उशिरा सुचली. उपग्रहाच्या बाजूला मात्र दुसरीच कात्री बसलेली. 330 मिलिसेकंद आणि 16.5 किलोमीटरच्या आतले उजेडाचे ठिपके एक वीज म्हणून जोडणारी संगणकी आज्ञावली, माहिती वेळेत पोचावी म्हणून, तीन सेकंदांहून लांबलेली चमक सरळ तोडायची. म्हणजे सर्वांत मोठ्या विजांचेच तुकडे पडायचे! ऑक्टोबर 2017 मधली टेक्सासपासून कॅन्सस सिटीजवळपर्यंत पसरलेली 829 किलोमीटरची वीज (मुंबई-नागपूर हवाई अंतराहूनही लांब) जुन्या नोंदी पुन्हा चाळल्यावर सापडली. विक्रम म्हणून मान्यता मिळाली ती थेट 2025 मध्ये.

मराठीत वीज ‘चमकते’ आणि ‘पडते’. उपग्रहाला हा भेद धड कळत नाही. ढगातल्या ढगात विझलेली आणि झाडावर कोसळलेली, दोन्ही त्याला वरून उजेडच. भारतावरच्या इन्सॅट उपग्रहांवर असा संवेदक नाही. विजेचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपवर दिसणाऱ्या विजा येतात त्या जमिनीवरच्या संवेदकांच्या जाळ्यातून.