जुलाब न थांबवणारं औषध

जुलाब लागलेल्या लेकराला जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसची पुडी पाण्यात विरघळवून केलेलं साखर-क्षारांचं द्रावण, पाजायला घेतली, की दोन-तीन तासांत घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अजून होतच आहेत की त्याला! हे पाणी देऊन फरक काय पडला?" बोलणाऱ्याचा जीव तुटत असतो म्हणून तो बोलतो. आणि त्याचं निरीक्षण खरंही असतं. ओआरएस दिल्यानं जुलाब थांबत नाहीत. ते थांबवणं हे त्या द्रावणाचं कामच नाही. पुडी हातात देताना नेमकी एवढीच गोष्ट सांगायची राहून जाते आणि अर्धा पेला तसाच बाजूला पडतो.

मग त्याचं काम काय? त्यासाठी आधी आतड्यातला पाण्याचा रोजचा हिशेब बघू. मोठं माणूस दिवसभरात दोन लिटरच्या आसपास पाणी आणि पातळ पदार्थ पोटात घेतं. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून आणखी सातेक लिटरची भर पडते. या नऊ लिटरपैकी शौचावाटे बाहेर जातं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं आतडं पुन्हा रक्तात ओढून घेतं. म्हणजे आतडं एकाच वेळी पाणी सोडतही असतं आणि शोषतही असतं. सोडणं वाढलं किंवा शोषणं घटलं, की हिशेब बिघडला.

हा बिघाड सर्वांत भयंकर रूपात दिसतो तो पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. डोळे खोल जातात, आवाज बसतो, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. त्याला मारतो तो रोगजंतू नव्हे, तर पाणी आणि क्षार निघून गेल्यानं दाट होऊन मंदावलेलं रक्त.

जंतू मात्र हे घडवतो कसा, हे कळायला फार काळ गेला. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात हा जंतू वेगळा काढला आणि तो काहीतरी विष सोडत असावा असा कयास बांधला. ते विष प्रयोगानं दाखवून दिलं शंभूनाथ डे यांनी, तेही कलकत्त्यातच, १९५९ साली. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव सोडला. तुकडा पाण्यानं फुगला. एकही जंतू नाही आणि तरी पाणी! या माणसाचं नाव आपल्याकडेही फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

हे विष आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतं आणि तिथलं एक रासायनिक बटण कायमचं चालू करून ठेवतं. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. त्यातल्या क्लोराइडचा पेशीतला मार्ग त्यामुळे सताड उघडा राहतो. क्लोराइड बाहेर पडतं, त्याच्या ओढीनं सोडियम जातं आणि मिठाच्या मागोमाग पाणी. शिवाय मीठ शोषून घेणारा एक नेहमीचा रस्ताही बंद पडतो. नळ चालू आणि मोरीला बोळा, अशी अवस्था.

पण एक दार विषाच्या तावडीतून सुटतं. आतड्याच्या पेशीवर एसजीएलटी-१ नावाचं एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोज आत घेतं, पण एकट्या ग्लुकोजला घेत नाही. सोबत सोडियमचे दोन कण आले तरच ते ग्लुकोजचा एक रेणू आत सोडतं. पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप सोडियम सतत रक्ताकडे ढकलत असतो, त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतं आणि पुढच्या दारातून ते आत यायला उत्सुक असतं. म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर पटकीच्या रुग्णाच्या आतड्यातून ते वाहून जातं. त्यात योग्य प्रमाणात साखर घातली, की तेच मीठ आत शिरतं आणि पाणी त्याच्यामागे जातं. साखर इथे चवीसाठी नाही, ताकदीसाठीही नाही. ती मिठाचा हात धरून त्याला आत नेते.

अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी साखर-मिठाच्या जोडीची ही कल्पना ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. त्यांच्यापुढे प्रश्न होता आतडं साखर कशी शोषतं हा. पटकीवरचा उपचार शोधायला ते निघाले नव्हते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका कामानं मोठा गैरसमज दूर केला. पटकीत आतड्याचं अस्तरच सोलवटून निघतं, असं जवळपास शतकभर मानलं जात होतं. अस्तरच नाही तर पाजलेलं पाणी शोषणार कोण? म्हणून आतड्याला विश्रांती द्या, तोंडानं काही देऊ नका, हा दंडक. यूजीन गंगारोसा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकमधल्या रुग्णांच्या आतड्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अस्तर शाबूत होतं!

शिरेतून पाणी देण्याचा मार्ग त्याआधीच ठाऊक होता. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ इथे थॉमस लाट्टा या डॉक्टरनं पटकीच्या रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं आणि मरणाच्या दारातले काही जण उठून बसलेले पाहिले. पण जंतुविरहित द्रव, सुया, बाटल्या आणि शीर शोधू शकणारे हात लागतात. साथ येते तिथे नेमक्या याच गोष्टी नसतात.

तरी साखर-मिठाचं पाणी लगेच रुग्णालयात पोचलं नाही. १९६२ मध्ये मनिलात अमेरिकन नौदलातले डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी असं द्रावण पाजून पाहिलं. द्रावण प्रमाणाबाहेर तीव्र होतं आणि काही रुग्ण दगावले. कल्पना बरोबर आणि प्रमाण चुकीचं, तर माणसं मरतात. हा धडा पुढच्या सगळ्यांनी मनावर घेतला.

१९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या तिशीही न गाठलेल्या दोन डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह जे केलं ते दिसायला फार साधं होतं. पटकीची खाट म्हणजे मधोमध भोक पाडलेली कापडी खाट. भोकाखाली खुणा केलेली बादली. ठरावीक तासांनी बादलीतलं पाणी मोजायचं आणि जेवढं गेलं त्या हिशेबानं पुढच्या तासांत तोंडानं पाजायचं. सरसकट ठरलेले इतके पेले नाहीत. या माणसाचं गेलं तेवढं या माणसाला. आधी शिरेतून झीज भरून काढलेल्या रुग्णांना असं द्रावण पाजल्यावर त्यांना पुढे लागणारं सलाइन ८० टक्क्यांनी कमी झालं. माझ्या मते खरा शोध त्या बादलीवरच्या खुणांमध्ये आहे. वाहकाचं गणित कागदावर होतंच. ते रुग्णाच्या अंगी लागलं ते मोजमापामुळे.

तरीही हे सगळं परिचारिका आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत होतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून निघालेले निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगाव इथे लोटले आणि छावण्यांत पटकी पसरली. बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. रुग्ण जमिनीवर दाटीवाटीनं पडलेले. सुई लावायची तर उलटी आणि जुलाबाच्या चिखलात गुडघे टेकावे लागत. सलाइनचा साठा संपत आला. तेव्हा त्यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधून घेतल्या, द्रावण पिंपांत भरलं आणि पेले नातेवाइकांच्या हाती दिले. आई, भाऊ, नवरा, जो सोबत असेल त्यानं पाजायचं. छावणीत आधी २५ ते ३० टक्के रुग्ण मरत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

ते मोठी जोखीम पत्करत होते. अप्रशिक्षित माणसांच्या हाती उपचार सोपवणं तेव्हाच्या वैद्यकाला पटणारं नव्हतं. पण अहवाल छापून आला, जागतिक आरोग्य संघटनेनं दखल घेतली आणि १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं लिहिलं, की ग्लुकोज आणि सोडियमच्या शोषणाची ही जोडी उलगडणं हा कदाचित या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळालं.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या काळात सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि प्रत्येक आईला समोर बसून द्रावण करायला शिकवलं: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईच्या किती लक्षात राहिलं ते नंतर तपासलं जाई आणि शिकवणारीचा मोबदला त्यावर ठरे.

आजची पुडीही त्या पहिल्या पुडीसारखी नाही. लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. २००२ साली मीठ आणि ग्लुकोज दोन्ही आधीपेक्षा कमी केले गेले, कारण सौम्य द्रावणानं मुलांच्या जुलाबांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी, उलट्या ३० टक्क्यांनी आणि ऐनवेळी सलाइन लावायची गरज ३३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. म्हणूनच पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घालायचं. अर्ध्या पाण्यात केलं की 'दाट आणि गुणकारी' होत नाही, घातक होतं. शीतपेयं आणि गोड फळरस यांतली जास्तीची साखर तर आतड्यात उलटं पाणी खेचते आणि जुलाब वाढवते. पुडी मिळतच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ. सपाट या शब्दावर माझा जोर आहे.

आणि जुलाब? पटकीचं विष ज्या पेशीत शिरलं ती पेशी काही दिवसांतच गळून पडते. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. बहुतेक जुलाब असे आपसूक थांबतात, प्रतिजैविकं न देताही. तोवर माणूस जिवंत राहिला पाहिजे. ओआरएस तेवढा वेळ मिळवून देतं. जुलाब 'बांधणारी' गोळी दिल्यानं आतड्याची हालचाल मंदावते, पण पेशीतलं उघडं दार तसंच राहतं. लहान मुलांना तर ती देऊच नये. मुलांना सोबत १० ते १४ दिवस जस्त (झिंक) द्यावं, आणि अंगावरचं दूध व जेवण चालूच ठेवावं.

हे सगळं माहीत असूनही जगात पाच वर्षांखालची जवळपास साडेचार लाख मुलं दरवर्षी जुलाबांनी मरतात. २०२४ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा मला विसर पडत नाही. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून जास्त खासगी डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांकडे प्रशिक्षित माणसं घरच्या आजारी मुलाची तक्रार घेऊन गेली. काहींनी फोनवर ओआरएसच्या पुडीचं छायाचित्र दाखवून ते देता का, असं विचारलं. काहींनी काहीच मागितलं नाही. ओआरएस लिहून न देण्यामागे साठा नसणं किंवा कमी नफा ही कारणं किरकोळ निघाली, प्रत्येकी पाच-सहा टक्क्यांची. सर्वांत मोठं कारण, सुमारे ४२ टक्क्यांचं, हे होतं: लोकांना ओआरएस नको असतं अशी डॉक्टरांची समजूत. घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी दिलं नाही म्हणजे गरज नसेल. डॉक्टरांना वाटतं यांना 'खरं' औषध हवंय. मधल्या मध्ये मूल सुकतं.

मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल, शौचात रक्त असेल, तर घरी वेळ घालवू नये. तिथे दवाखानाच. बाकीच्यांसाठी चमचा पुरतो. पाण्याची झीज दिसू लागलेल्या दहा किलोच्या मुलाला चार तासांत साधारण ७५० मिलिलिटर लागतं. एकदम पेला तोंडाला लावला तर ते ओकतं. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. हात दुखतो, रात्र असते, मूल तोंड फिरवतं. मधे एक-दोनदा पुन्हा जुलाबही होतात. आणि मग कधीतरी, बराच वेळ कोरडं राहिलेलं दुपटं लघवीनं ओलं होतं.