निवडुंग पिवळा पडणे (कुंडीतील)

कुंडीत वाढवलेल्या निवडुंगाच्या खोडाचा हिरवा रंग जाऊन ते फिकट, पिवळसर किंवा पिवळे होणे. अति पाणी, ऊन, कीड, क्षारयुक्त पाणी, अपुरा प्रकाश अशा परस्परविरुद्ध कारणांनीही रंग सारखाच दिसतो. त्यामुळे रंग पाहून उपाय करणे धोक्याचे असते. पिवळेपणा कुठून सुरू झाला आणि ती जागा बोटाला टणक लागते की मऊ, या दोन गोष्टींवरून बहुतेक वेळा निदान होते.

बहुतेक निवडुंगांत पानांचे काम खोडच करते. पान पिवळे पडले तर झाड ते गाळून नवे काढते. खोडाला ती सोय नाही. करपलेला किंवा किडीने खाल्लेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, म्हणून येथे लवकर ओळखण्याला महत्त्व आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत निवडुंग सहज जगायला हवा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ऊन भरपूर आणि पाऊस बेताचा आहे, हे खरेच. पण जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि रात्रीही हवा तापलेलीच राहते, तेव्हा निवडुंगाची वाढ जवळजवळ थांबते. तो आपली रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतो आणि कार्बन डायऑक्साइड रात्रीच साठवतो. रात्र उष्ण असेल तर हे काम मंदावते व मुळे पाणी कमी ओढतात. ‘एवढ्या उन्हात तहान लागली असेल’ म्हणून रोज घातलेले पाणी कुंडीत कोमट होऊन साचते आणि मुळे कुजतात. या भागात घरातले निवडुंग उन्हापेक्षा अशा काळजीपोटी घातलेल्या पाण्यानेच जास्त मरतात.

मूळकूज : पिवळेपणा बुडापासून वर चढतो. साल पाणी भरल्यासारखी, काहीशी पारदर्शक दिसते, दाबल्यावर बोट आत जाते, पुढे तपकिरी होऊन आंबूस वास येतो. शंका येताच कुंडी उपडी करून माती झाडावी. निरोगी मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी व चिवट असतात. कुजलेली मुळे काळपट असून ओढताच त्यांची साल निघून हातात येते. फक्त मुळेच कुजली असतील तर ती कापून झाड आठवडाभर सावलीत कोरडे ठेवणे पुरते. कूज खोडात शिरली असेल, तर स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने खालून एकेक सेंटिमीटरची चकती कापत वर जावे व प्रत्येक कापानंतर सुरी पुसावी. चकतीच्या मध्यभागी वाहिन्यांचे वर्तुळ दिसते. त्यात तपकिरी किंवा नारिंगी ठिपका असेपर्यंत कापणे थांबवू नये, कारण एक ठिपका राहिला तरी महिन्याभरात तेच दुखणे पुन्हा येते. स्वच्छ कापावर गंधकाची किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड लावावी. घरोघरी हळद लावतात, पण खरे काम काप सुकण्याने होते. दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या कापाला ७ ते १० दिवस लागतात, जाड खोडाला दोन-तीन आठवडे, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. नंतर कोरड्या मिश्रणात (खाली ‘प्रतिबंध’ पाहा) उरलेला शेंडा काप खाली ठेवून टेकवून लावावा आणि पहिले पाणी आठवड्यानंतर द्यावे. उभ्या वाढणाऱ्या जाती व फड्या निवडुंग असे वाचतात. गोल चेंडूसारखा निवडुंग बुडातून मऊ झाल्यावर क्वचितच वाचतो. त्याला बाजूने पिल्ले असतील तर ती आधी काढून घ्यावीत.

ऊन लागणे : डाग एकाच बाजूला, टणक, आधी पिवळट पांढरा व नंतर बुचासारखा तपकिरी होतो. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेले झाड थेट गच्चीवर ठेवले की चार-पाच दिवसांतही हा डाग दिसतो. डागाची दिशा ऋतूप्रमाणे बदलते. हिवाळ्यात व मार्चमध्ये दक्षिण आणि पश्चिम बाजू करपते. खानदेश २१ अक्षांशाच्या आसपास असल्याने मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शेंडाच भाजतो. शेंडा भाजला की वाढ खुंटते. म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच ५० टक्के सावलीची शेडनेट बांधावी किंवा कुंड्या पूर्वेच्या गॅलरीत न्याव्यात. उन्हाची सवय दोन-तीन आठवड्यांत, सकाळच्या एका तासापासून वाढवत करावी. कुंडीवर खडूने खूण करून तीच बाजू कायम त्याच दिशेला ठेवावी. सिमेंटची गच्ची व पत्र्याचे छप्पर यांची धग खालून लागते आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळे अक्षरशः शिजतात. कुंडी विटांवर ठेवावी किंवा मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या पोकळीत वाळू भरावी.

लाल कोळी : कोरड्या उन्हाळ्यात वांग्यावर येणाऱ्या कोळ्यांचाच हा प्रकार आहे. शेंड्याजवळच्या कोवळ्या भागावर बारीक पिवळे ठिपके येतात, ते एकमेकांत मिसळून साल तांबूस-धुरकट होते आणि काट्यांमध्ये अगदी तलम जाळे दिसते. पांढऱ्या कागदावर झाड हलके झटकावे. ठिपके चालू लागले व बोटाने चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर खात्री समजावी. पाण्याच्या बारीक, जोरदार धारेने झाड धुवावे. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारावे, मात्र पारा ३५ अंशांच्या आत असेल तेव्हाच. त्यावर गेला तर गंधकच साल जाळते. कडुनिंबाचे तेलही भर उन्हात टाळावे, कारण ते खोडावरचा मेणाचा थर घालवते. अंड्यांवर फवारणी फारशी लागू पडत नाही. त्यामुळे पाच-सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा धुणे व फवारणे केले नाही, तर सगळे वाया जाते.

पिठ्या ढेकूण काट्यांच्या उगमाशी कापसासारखा दिसतो व स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपता येतो. मुळांवरचा पिठ्या मात्र वरून दिसत नाही. झाड टणक आहे, पाणी बेताचे आहे, तरी फिकट होऊन वाढ थांबली, तर कुंडी उपडी करून मुळांवर पांढरे पुंजके शोधावेत. माती पूर्ण धुऊन काढावी, झाड चार-पाच दिवस सुकवावे आणि नव्या मिश्रणात लावावे.

क्षार व लोहाची कमतरता : नवी वाढ पिवळी व जुना भाग हिरवा राहतो, झाड टणक असते आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी होते व त्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ते पाणी उडत जाऊन त्यातले क्षार दाट झालेले असतात, आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणीही तसेच असते. दोन्ही निवडुंगाला देऊ नये. पावसाचे साठवलेले किंवा एसीच्या नळीतून टपकणारे पाणी उत्तम. तेही नसेल, तर एक लिटर बोअरच्या पाण्यात पाव ग्रॅम, म्हणजे छोटी चिमूट, लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) घालावे. हिराकस (फेरस सल्फेट) अशा मातीत लवकर निकामी होतो. ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट (अल्कधर्मी मातीतही मुळांना मिळणारे लोहाचे रूप) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन एकदा मातीत द्यावे. कुंडीची माती दोन-तीन वर्षांनी बदलली, तर या खटाटोपाची गरज सहसा पडत नाही.

अंधाऱ्या खोलीतला निवडुंग फिकट होऊन शेंड्याकडे निमुळता, लांबट वाढतो. त्याला उजेड हवा, खत नव्हे. जुन्या झाडाचे बूड तपकिरी, कोरडे व लाकडासारखे होणे हे वयाचे लक्षण आहे. कलम केलेल्या लाल-पिवळ्या ‘मून कॅक्टस’च्या वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नसते, तेव्हा त्याच्या रंगाची चिंता नको. खालचे तीन धारी खोड पिवळे पडले तर मात्र दोघांचाही जीव धोक्यात असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी कुंपणाला लावतात ते त्रिधारी निवडुंग व शेर हे निवडुंग कुळातले नाहीत. त्यांना चीक येतो आणि त्यांची पाने कोरड्या दिवसांत पिवळी होऊन गळणे स्वाभाविक आहे. हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

प्रतिबंध : शेतातली काळी माती कुंडीत अजिबात वापरू नये. ती ओली असताना फुगून हवा कोंडते आणि सुकताना आक्रसून मुळे तोडते. नदीची जाड वाळू किंवा विटांचे ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे ४ भाग, मुरूम २ भाग आणि गांडूळखत १ भाग असे मिश्रण घ्यावे. वाळू व विटा आधी चाळून धूळ टाकून द्यावी, कारण धुळीने छिद्रे बुजतात. भरलेल्या कुंडीत पेलाभर पाणी ओतल्यावर १० ते १५ सेकंदांत ते खालून वाहू लागले पाहिजे.

पाण्याचे दिवस मोजण्यापेक्षा तळापर्यंत लाकडी काडी खुपसून दहा मिनिटांनी पाहावी. ती ओलसर निघाली तर पाणी देऊ नये. अंदाजासाठी, चार इंची कुंडीला एका वेळी १०० ते १५० मिलिलिटर पाणी पुरते. ऑक्टोबर-नोव्हेंबर व फेब्रुवारी-मार्च या वाढीच्या काळात ते साधारण १० दिवसांनी द्यावे, एप्रिल-मेमध्ये ८ ते १२ दिवसांनी सूर्यास्तानंतर, आणि डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा. जून ते सप्टेंबर कुंड्या पावसात ठेवू नयेत. श्रावणात कानबाईच्या (खानदेशातल्या सणाच्या) सुमारास झडीची दमट हवा असते, तेव्हा तीन आठवडे पाणी न दिले तरी काही बिघडत नाही. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोरच्या खिडकीत कुंडी ठेवू नये, कारण तेथील माती सुकतच नाही.